नदीत खाली ठेवायला जागा नसते

आमच्या दुकानात उजव्या हाताची अख्खी भिंत पिशव्यांची आहे. छातीवर बांधायच्या, कमरेला बांधायच्या, एका खांद्यावरून तिरक्या घ्यायच्या, पाठीवर घ्यायच्या, आणि कोपऱ्यात खिसेच खिसे असलेली बिनबाह्यांची जाकिटं. फ्लाय फिशिंगचं सामान घ्यायला आलेलं गिऱ्हाईक थेट त्या भिंतीकडे जातं, एखादी पिशवी काढून अंगावर चढवतं, आरशासमोर दोन्ही बाजूंनी वळून बघतं, खांदे हलवतं आणि म्हणतं, "ही बरी आहे, काही जाणवतच नाही." रिकामी पिशवी जाणवणार तरी कशी? मी त्यांना काउंटरपाशी घेऊन येते आणि सांगते, "नदीवर जाताना जे जे नेता, ते आधी इथं मांडा."

मग गाडीतून सामान येतं. फ्लायचे डबे, कधी दोन, कधी आठ. बारीक नायलॉन दोऱ्याची, म्हणजे टिपेटची, रिळं. दोरा कापायचं निपर. माशाच्या तोंडातून गळ सोडवायचा चिमटा. फ्लाय पाण्यावर तरंगत राहावी म्हणून लावायचं मलम, ती बुडावी म्हणून दोऱ्याला लावायचे बारीक छर्रे. पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, रेनकोट, मासेमारीचं लायसन्स, फोन, गाडीची किल्ली. आणि एखाद्या डब्याच्या तळाशी तीन मोसमांपूर्वी घेतलेलं, कशाला घेतलं ते आठवत नाही असं काहीतरी. हे सगळं काउंटरवर पसरलं की कुठली पिशवी हवी याचं निम्मं उत्तर समोर येतं. उरलेल्या निम्म्यासाठी मी तीन प्रश्न विचारते. किती चालता? किती खोल पाण्यात उतरता? आणि रॉड कुठल्या हातानं फेकता?

हे दुकान अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथं आलो. कामाची परवानगी मिळाल्यावर मी आधी गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात लागले. कॉलेजची वर्षं मी सह्याद्रीत सॅक वाहत काढली होती, त्यामुळे माणसाच्या पाठीवर सॅक नीट बसवून देणं मला जमायचं. तिथून या दुकानात आले. मासेमारी इथंच शिकले, मालकाबरोबर आणि गिऱ्हाइकांबरोबर नदीत उतरून. मी मूळची वेंगुर्ल्याची. गरवायला बसणारी माणसं लहानपणापासून बघितलेली, पण हा प्रकार अगदीच वेगळा निघाला. आपल्याकडे गळाला आमिष लावतात आणि वजनाच्या जोरावर दोरी लांब जाते. इथं पिसं, केस आणि दोरा गुंडाळून गळावर खोटा किडा, म्हणजे फ्लाय, बांधलेला असतो. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून वजन लाइनला दिलेलं असतं. ती जाड लाइन हवेत मागं-पुढं झुलवत नेऊन तो किडा पाण्यावर अलगद उतरवायचा. पिशवीच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट ही की, लाइन तुमच्या अंगाभोवतीच वावरत असते. पिशवीवर लोंबणारं जे काही असेल, एखादं बक्कल, चिमट्याची कडी, पट्ट्याचं मोकळं टोक, त्याला ती नेमकी जाऊन अडकते.

सह्याद्रीतलं सॅकचं ज्ञान इथं पुरेसं पडत नाही, हे मला चीझमन कॅनियनमध्ये कळलं. डेन्व्हरपासून दीडेक तासावर साउथ प्लॅट नदीवर 1905 साली पुरं झालेलं चीझमन धरण आहे. बांधलं तेव्हा ते जगातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक होतं. त्याच्या खालची दरी ट्राउट माशांसाठी नावाजलेली आहे. दरीत मोटार जात नाही. गिल ट्रेल नावाच्या पायवाटेनं चढउतार करत जावं लागतं, तेव्हा कुठं नदी दिसते. तिथपर्यंतचं चालणं मला ओळखीचं होतं. पाठीला सॅक, कमरेचा पट्टा घट्ट, वजन खुब्यावर. राजगडाला गेलो काय आणि इथं आलो काय, अंगाला फरक कळत नाही. फरक कळतो तो पाण्यात उतरल्यावर. डोंगरात काही हवं असलं की आपण सॅक उतरवतो, दगडाला टेकवतो, उघडतो, दोन मिनिटं दमही खातो. नदीत मांडीभर पाण्यात उभं राहिल्यावर खाली ठेवायला जागाच नसते. हातातली रॉडसुद्धा कुठं ठेवता येत नाही.

आरामदायक पिशवी म्हणजे काय, याचा माझा सगळा विचार या एका गोष्टीपासून सुरू होतो. पट्ट्यातली गादी किती जाड, पाठीला जाळी आहे की नाही, हे त्यानंतरचं.

वेंगुर्ल्याला आमच्या घरी नारळ पाडायला पाडेली यायचा. कमरेला करगोट्यासारखी दोरी, दोरीला मागच्या बाजूला लाकडी आकडी, आकडीत कोयती. माडाच्या शेंड्याजवळ पोचला की एका हातानं झावळ धरायची, दुसरा हात न बघता मागं जायचा, कोयती बाहेर. पेंड तोडली की तोच हात पुन्हा मागं जायचा, कोयती परत आकडीत. तिथंही खाली ठेवायला काही नाही. वस्तू एकतर हातात, नाहीतर अंगावरच्या ठरलेल्या जागी. आणि ती जागा डोळ्यांना नव्हे, हाताला माहीत असली पाहिजे. दुकानात एखादी पिशवी बनवणाऱ्यानं विचार करून बनवलीय का हे ठरवताना मला त्या आकडीची आठवण होते.

नदीत फ्लाय बदलण्याचं साधं काम घ्या. चीझमनमधले ट्राउट चोखंदळ. पाणी काचेसारखं नितळ, आणि तिथं लागणाऱ्या फ्लाय इतक्या लहान, की 22 नंबरच्या दोन-तीन एका नखावर मावतील. दोरा 6 एक्स. या मापाचा हिशोब असा आहे की 11 मधून एक्सचा आकडा वजा करायचा, जे उरेल तितके हजारांश इंच दोऱ्याची जाडी. म्हणजे इथं इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पाच. मिलिमीटरमध्ये 0.127. आता तुम्ही मांडीभर पाण्यात उभे आहात. प्रवाह डाव्या पायाला ढकलतोय. रॉड उजव्या काखेत दाबलेली. दोऱ्याचं टोक डाव्या हाताच्या दोन बोटांत. उजव्या हातानं निपर ओढायचं, जुनी फ्लाय कापायची. निपर सोडलं की ते दोरीसकट आपोआप परत जागेवर गेलं पाहिजे. कापलेली फ्लाय छातीवरच्या फोमच्या तुकड्यावर खोचायची, वाळायला. मग डबा. डब्याचं झाकण उघडल्यावर तो कशाला तरी टेकला पाहिजे, कारण वाऱ्याची एक झुळूक आली की महिनाभर रात्री बसून बांधलेल्या फ्लाय साउथ प्लॅटमधून वाहत जातात. नवी फ्लाय काढायची, दोरा ओवायचा, पाच वेढे, टोक फासातून, थुंकीनं ओलं करायचं, हळू ओढायचं. उरलेलं टोक कापलं की तो नायलॉनचा कपटा पाण्यात टाकायचा नाही. तो न बघता जाईल असा एक छोटा खिसा हवा. धरणाच्या तळाचं पाणी बारा महिने गार असतं, बोटं दहा मिनिटांत बधिर होतात. चेनची मूठ टिचभर धातूची असेल तर ती त्या बोटांना सापडतच नाही. मी विकलेल्या जवळजवळ प्रत्येक पिशवीच्या चेनला जाड दोरीचा फास बांधून देते. कारखान्यातून तसा का येत नाही, हे मला आजवर समजलेलं नाही.

या कामाला उत्तर म्हणूनच खिशांचं जाकीट जन्माला आलं. त्याआधी लोक खांद्यावरून विलोच्या फोकांची टोपली घेत, ती मुख्यतः मासे घरी नेण्यासाठी. ली वुल्फ या अमेरिकन मच्छीमारानं 1930च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतः शिवून पहिलं मासेमारीचं जाकीट केलं, असं मानतात. वस्तूंना छातीवर ठरलेली जागा मिळाली. हाच ली वुल्फ पकडलेला मासा परत सोडून द्यावा यासाठी आयुष्यभर बोलत आणि लिहीत राहिला. 1970च्या दशकात चीझमनच्या दरीत मासा सोडून देण्याचा नियमच आला. टोपलीचं काम संपलं, जाकीट राहिलं आणि खिसे वाढत गेले.

जाकिटाचा दोष असा की खिसा असला की तो भरतो. भरलेल्या जाकिटाचं वजन तीन-चार किलो सहज होतं, आणि ते सगळं मानेच्या दोन बाजूंच्या स्नायूंवर लटकतं. त्याच स्नायूंनी दिवसभर रॉड उचलायची असते. संध्याकाळी मान धरलीय म्हणून दुकानात येणारी माणसं बहुधा जाकीटवाली असतात, आणि ती म्हणतात, वय झालं. मी त्यांचं जाकीट वजनकाट्यावर ठेवते. तरी जाकीट मोडीत काढावं असं मला वाटत नाही. ज्याला काठाकाठानं थोडंच चालायचं आहे, दोन डबे न्यायचे आहेत, त्याच्यासाठी जाकिटाइतकी सोयीची गोष्ट नाही. उन्हाळ्यात मात्र उकडतं.

वजन खांद्यावरून काढून खुब्यावर द्यायचं हे डोंगरातल्या लोकांना आधी कळलं. डिक केल्टी या कॅलिफोर्नियातल्या माणसाची गोष्ट मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते. सिएरा नेव्हाडात भटकत असताना त्याच्या सोबत्यानं सॅकच्या चौकटीची खालची टोकं आपल्या जीन्सच्या मागच्या खिशांत खोवली, आणि खांद्यांवरचा भार एकदम उतरला. 1952 साली केल्टीनं सॅक विकायला सुरुवात केली, आणि पुढं कमरेचा पट्टा हा सॅकचा कणा ठरला. हा पट्टा नीट बसायचा तर पिशवीची लांबी तुमच्या उंचीशी नव्हे, पाठीशी जुळावी लागते. मान खाली वाकवली की मागं एक हाड वर येतं, तिथून खुब्याच्या हाडांच्या वरच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेपनं मोजायचं. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाच फुटी बाईची लांब असं कितीदा तरी निघतं. मासेमारीच्या पाठपिशव्या मात्र बऱ्याचशा एकाच मापात येतात, आणि त्यांचा कमरपट्टा म्हणजे नुसती एक इंची फीत. ती पिशवी हलू देत नाही, पण भार घेत नाही. लांब चालणाऱ्याला मी अशी पिशवी देत नाही, भिंतीवर ती कितीही देखणी दिसत असली तरी.

पाठपिशवी चालताना उत्तम आणि पाण्यात अडचणीची. फ्लायचा डबा काढायचा तर एक पट्टा उतरवून ती काखेखालून पुढं ओढावी लागते. त्या क्षणी तोल एका बाजूला जातो, आणि प्रवाहातल्या गुळगुळीत दगडांवर तेवढंच निमित्त पुरतं. म्हणून मी सांगते, पाठीवर फक्त तेच ठेवा जे काठावर आल्यावरच लागेल. जेवणाचा डबा, पाणी, रेनकोट, कोरडे मोजे. पाण्यात लागणारं सगळं पुढं. छातीची छोटी पिशवी पाठपिशवीच्या पट्ट्यांना अडकवता येते, आणि चीझमनसारख्या चालायला लावणाऱ्या जागी अशी जोडी बहुतेकांना मानवते. होडीतून मासेमारी करणाऱ्यांचा प्रश्नच निराळा. त्यांची पिशवी दिवसभर होडीत पायाशी पडून असते. तिला पट्टे कसे का असेनात, तळ घट्ट हवा आणि तोंड रुंद.

खांद्यावरून तिरकी घ्यायची स्लिंग ही सध्या सर्वांत जास्त खपते. तिचा युक्तिवाद मला पटतो. पाठीवर असते तेव्हा लाइनच्या वाटेत येत नाही. हवी तेव्हा पट्टा धरून ओढली की पोटासमोर येते आणि तिचं झाकण उघडून टेबलासारखं आडवं होतं. खाली जागा नाही, तर जागा सोबत न्या. पण सगळा भार एका खांद्यावर. दोन-सव्वादोन किलोपर्यंत ठीक, पुढं मान बोलू लागते. आणि बऱ्याचशा स्लिंग एकाच खांद्यासाठी शिवलेल्या असतात. फेकायचा हात ज्या बाजूचा, तो खांदा मोकळा राहिला पाहिजे. डावखुऱ्या माणसाला हे कुणी सांगत नाही. तो पिशवी घेऊन जातो, दोन तास मासेमारी करतो, आणि पट्टा खांद्यात का रुततो हे त्याला कळत नाही. आता काही पिशव्यांचा पट्टा दोन्ही बाजूंना बदलता येतो, त्या मी डावखुऱ्यांसाठी वेगळ्या काढून ठेवते. बायकांचा प्रश्न याहून जुना आहे. तिरका पट्टा छातीवरून जातो तो नेमका कुठून जावा, याचा विचार शिवणाऱ्यानं केलेला क्वचित दिसतो. दुकानात येणाऱ्या बायका हे बोलत नाहीत, नुसतं "नको" म्हणून पिशवी परत टांगतात. मी स्वतःहून विषय काढते. पट्टा वर सरकवून, छातीच्या वरून आडवा दुसरा पट्टा लावून बघतो. कंपन्यांचे विक्रेते दुकानात आले की त्यांनाही ते पट्टे माझ्या अंगावर दाखवते. एकानं वहीत लिहून घेतलं. बाकीचे मान डोलावतात.

कमरेची पिशवी माझी आवडती. वजन जिथं जायला हवं तिथंच असतं, खांदे पूर्ण मोकळे. गरज लागली की ती गोल फिरवून पोटासमोर आणायची. पण पाणी कमरेला लागलं की ती पहिली भिजते. शिवाय तिच्या पट्ट्याखाली वेडर्सचा पट्टा असतो. छातीपर्यंतच्या त्या रबरी पँटवर कमरेला पट्टा घट्ट बांधायचा असतो, म्हणजे माणूस पडला तरी आत पाणी भसाभसा शिरत नाही. पिशवीचा पट्टा आहेच की, म्हणून हा पट्टा काढून ठेवणारे लोक मी बघितले आहेत. या एका बाबतीत मी गिऱ्हाइकाशी गोड बोलत नाही. पिशवी सोडून टाकायची वेळ येऊ शकते. तेव्हा वेडर्सचा पट्टा अंगावर राहिलाच पाहिजे. दोन्हींची बक्कलं एकावर एक येत नाहीत ना, हे मी तिथंच तपासून घेते.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या ऑरोरामध्ये राहणारा एक मराठी मुलगा त्याच्या वडिलांना घेऊन आला. काका नाशिकचे, निवृत्त, मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले. मुलानं भिंतीवरची सर्वांत महागडी, पाणी न शिरणारी पाठपिशवी काढली. माझं मराठी ऐकून काका खुलले.

"ताई, याला सांगा जरा. मला काही पाण्यात उतरायचं नाहीये. मी काठावरूनच करणार."

"बाबा, पाऊस आला तर सगळं भिजेल. चांगली घेऊन ठेवू ना एकदाची," मुलगा म्हणाला.

मी काकांना म्हटलं, "काका, आधी एक करा. उजवा हात मागं न्या. पाठीच्या मध्यापर्यंत जातो का?"

हात कमरेच्या बाजूलाच थांबला. खांदा आखडलेला, मधुमेह असलेल्यांचा बऱ्याचदा असतो तसा. आता ज्या माणसाचा हात मागं जात नाही त्याला पाठपिशवी, स्लिंग, कमरेची पिशवी सगळ्याच अवघड, कारण प्रत्येकीत कधी ना कधी हात मागं न्यावा लागतो. राहिली छातीची. तिचा एरवीचा मोठा दोष म्हणजे खाली पाय दिसत नाहीत, आणि पाण्यात पाऊल टाकताना ते दिसणं फार गरजेचं. पण काका काठावर उभे राहणार होते, त्यांना तो दोष लागू नव्हता. आम्ही सर्वांत पातळ छातीची पिशवी घेतली. तिचे पट्टे पाठीवर एकमेकांना छेदत होते, अडकवायचे मात्र पुढं. मासा उचलायचं जाळं सगळेजण मागं, दोन खांद्यांच्या मध्ये चुंबकावर अडकवतात. काकांचं आम्ही कमरेला डाव्या बाजूला अडकवलं. डबे दोनच ठेवले. पिशवीत मी तेवढं वजन घातलं आणि त्यांना दुकानाच्या मागच्या अंगणात रॉड फेकायला लावली.

"हे ठीक आहे," काका म्हणाले. "हिच्यात चष्म्याचं घर कुठं ठेवू?"

हा प्रश्न योग्य होता आणि तो आम्ही कुणी विचारला नव्हता. साठीपुढच्या माणसाला फ्लाय ओवायची तर जवळचा चष्मा हा निपरइतकाच हत्यार असतो. त्यासाठी एक खिसा रिकामा केला.

वजन घालून बघणं हा माझा नेम आहे. त्यासाठी वाळूच्या छोट्या पिशव्या शिवून ठेवल्या आहेत. गिऱ्हाइकाच्या सामानाइतकं वजन भरून पिशवी अंगावर चढवायची आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवून दुकानात फिरायचं. या पंधरा मिनिटांत पिशवीबद्दल मी एक शब्द बोलत नाही. लोक फ्लाय बघतात, रील बघतात, आणि त्यांचा हात आपसूक ज्या जागी पट्टा सरकवायला जातो ती जागा मी लक्षात ठेवते. बोलून दाखवलेल्या मतापेक्षा तो हात खरा. मग डोळे मिटायला सांगते. "निपर काढा. कापा. सोडा. आता टिपेट." पहिल्यांदा सगळेच चाचपडतात. दोन-तीनदा करूनही चाचपडत असतील तर खिशांची मांडणी बदलून बघतो. तेवढ्यानं भागलं नाही तर पिशवी बदलतो. रॉडच्या चार भागांपैकी खालचे दोन जोडून फेकण्याची हालचाल करायला लावते. कोपर पिशवीला घासतं का, तेवढं बघायचं. दुकानात गर्दी असली की मालक घड्याळाकडे बघतात, पण त्यांनी मला थांबवलेलं नाही. अशी नेलेली पिशवी सहसा परत येत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं आहे.

दुरुस्तीचं टेबलही माझ्याकडेच आहे. विकण्यापेक्षा मी जास्त तिथं शिकते. चीझमनच्या परिसरातला गुलाबी ग्रॅनाइट भुसभुशीत होऊन त्याची खरखरीत वाळू होते. 2002च्या हेमन वणव्यानं त्या डोंगरांवरची झाडं जळाली, आणि नंतरच्या पावसांत ही वाळू ढिगांनी खाली आली. पायवाटेवर ती असतेच. पिशवी टेकवली की ती चेनच्या दातांत जाते आणि पुढच्या वेळी चेन ओढताना दात झिजवते. पाणी अजिबात आत न जाऊ देणाऱ्या चेनना तर ती फारच वाईट. त्या चेन मुळात घट्ट, ओढायला दोन हात लागतात. नदीत दोन हात मोकळे कुठून आणायचे? एका कंपनीची अशीच सुरेख पिशवी एका मोसमात माझ्या टेबलावर पुन्हापुन्हा आली. पाणी आत गेलं नव्हतं, पण गिऱ्हाईक चिडून चेन उघडीच ठेवू लागलं होतं. कॅमेरा न्यायचा नसेल तर मी साधी पिशवी आणि तिच्या आत एक छोटी पाणबंद थैली सुचवते. घरी आल्यावर चेन साध्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासायची, बाकी काही नाही.

आणि पिशवी पूर्ण वाळवायची. हे मी पट्ट्यांइतक्याच आग्रहानं सांगते. न्यूझीलंड मडस्नेल ही दाण्याएवढी गोगलगाय कोलोरॅडोच्या काही पाण्यांत शिरली आहे. ती बुटांत, मोज्यांत आणि पिशवीच्या ओल्या गादीतही जिवंत राहून दुसऱ्या नदीत पोचू शकते. एकच मादी असली तरी नराशिवाय प्रजा वाढवते. जाड मऊ गादीची पिशवी खांद्याला सुखाची, पण वाळायला तिला फार वेळ लागतो. शनिवारी एका नदीवर आणि रविवारी दुसऱ्या नदीवर जाणाऱ्याला मी पातळ जाळीदार पाठीची पिशवी देते. खांद्याला किंचित कमी सुख. पण नदीलाही माणसाच्या सोयीत धरायला हवं, असं माझं मत आहे, आणि बहुतेक गिऱ्हाइकांना ते सांगितलं की पटतं. 1999 साली सुरू झालेली, याच शहरातली फिशपाँड ही कंपनी टाकून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यांपासून केलेलं नायलॉन आपल्या पिशव्यांना वापरते. कोकणच्या किनाऱ्यावर फाटक्या नायलॉन जाळ्यांचे ढीग बघितलेल्या माझ्यासारखीला ते कापड हातात धरताना फार बरं वाटतं.

माझी स्वतःची मांडणी दर मोसमात थोडी बदलते. कमरेची पिशवी, तिच्यात दोन डबे, तीन रिळं. एक डबा हिवाळ्याचा, एक उन्हाळ्याचा, आणि निघताना त्यांतला एक गाडीत ठेवायचा प्रयत्न असतो. गळ्यात पातळ दोरीवर निपर आणि चिमटा, दोन्ही शर्टाच्या आत, म्हणजे लाइन अडकत नाही. पाण्याची बाटली सोडून छोटा गाळणीचा पंप घेतला, त्यामुळे किलोभर वजन कमी झालं. रेनकोटाचं मात्र अजून जमलेलं नाही. जुलैत दुपारी दोनच्या सुमाराला रॉकीजवर ढग जमतात, वीज कडाडते, आणि हातातली नऊ फुटी कार्बनची रॉड घेऊन नदीत उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा रेनकोट लागतोच. पिशवीखाली गुंडाळून बांधला तर मासा सोडायला गुडघ्यावर बसलं की तो पाण्यात जातो. पाठीवर बांधला तर जाळ्याची मूठ त्याच्यावर आपटत राहते. यंदा जुन्या सॅकचे दोन पट्टे कापून खांद्यांच्या खाली, जाळ्याच्या चुंबकाच्या वर बसेल अशी चपटी झोळी शिवली आहे. चुंबक त्यासाठी चार बोटं खाली घ्यावा लागला, आणि आता हात तिथपर्यंत पोचतो का, रेनकोट त्यात असताना पोचतो का, हे मेमध्ये गिल ट्रेलवर जाऊन बघायचं आहे.